लेंड्या तपासणाऱ्या काकू

जनावरांच्या दवाखान्यात काकूंना नेमलं होतं काचा धुवायला. त्याला बावीस वर्षं झाली. काचा धुता धुता त्या सूक्ष्मदर्शकात डोकावू लागल्या. आता लेंड्यांमधली जंतांची अंडी त्यांच्याइतकी अचूक कुणी मोजत नाही, डॉक्टरही नाहीत. लेंड्या कुटायच्या, मिठाच्या पाण्यात ढवळायच्या, अंडी वर तरंगली की मोजायची. जेवणाचा डबा त्या त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उघडतात. बघणाऱ्याची भूक मरते, त्यांची नाही.

एका वर्षी त्यांच्या धाकट्या दिरांची कोकरं माना टाकू लागली. आठवड्यात चार गेली. जंतांचं औषध तर वेळेवर पाजलेलं. पाजण्याआधीच्या लेंड्या काकूंनी तपासल्या होत्या; चौदा दिवसांनी पुन्हा तपासल्या. अंडी जवळपास संपायला हवी होती. नऊशेची सातशे झाली होती.

डॉक्टर म्हणाले, पिशव्यांची अदलाबदल झाली असेल. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः मेंढ्यांमागे फिरून ताज्या लेंड्या गोळा केल्या. आकडा तोच.

आसपासच्या बारा कळपांना औषध पाजायची पद्धत त्यांनीच लावून दिली होती. एकाच दिवशी सगळ्या मेंढ्यांना औषध, सगळ्यांना एकच माप, आणि संध्याकाळी कळप राखून ठेवलेल्या कुरणात. किती नीटनेटकं काम, असं सगळे म्हणायचे. आता त्यांना उलगडा झाला. थोराड मेंढ्यांना ते माप अपुरं पडत होतं. औषधाला पुरून उरलेले जंत तेवढे पोटात राहायचे आणि नव्या कुरणात फक्त त्यांचीच अंडी पडायची. मोकळं रान, ना भाऊबंद ना वाटणी. इतकी वर्षं औषधाला न जुमानणारे जंतच त्यांनी निवडून निवडून पोसले होते.

डॉक्टरांनी वाट काढून दिली. औषधाची खेप खराब निघाली म्हणू, दुसऱ्या प्रकारचं औषध देऊ. त्यात काकूंचं नाव राहिलं असतं. पण नवं औषधही लोकांनी जुन्याच रीतीने पाजलं असतं, आणि काही वर्षांत तेही निकामी झालं असतं. काकू नको म्हणाल्या.

सुरुवात घरापासून केली. धाकटी जाऊ फटकळ. मेलेली कोकरं तिने सहा महिने हाताने वाढवलेली.

"इतकी वर्षं तुम्हीच पाजायला लावलंत ना, ताई?"

"हो. चुकलं माझं."

भांडायचं तर समोरच्याने थोडं तरी अडून बसावं लागतं.

काकूंनी नवी रीत सांगितली. दुसरं औषध आधी दहा मेंढ्यांना देऊन तपासायचं. मग प्रत्येकीचं वजन करायचं, पापणी खाली ओढून बघायची. आतून लाल असेल तर सोडून द्यायची. पांढरी पडली असेल, म्हणजे जंतांनी रक्त शोषलं असेल, तरच पाजायचं, वजनाप्रमाणे.

"म्हणजे धडधाकट मेंढ्यांच्या पोटात जंत पाळायचे?"

"थोडे पाळायचे. औषधाने मरणारे जंतही कळपात राहिले पाहिजेत. मी सगळे मारायला गेले, म्हणून न मरणारे उरले."

दीर म्हणाले, आमच्या वहिनी जंतांना फितूर झाल्या. पण वजनकाटा तेच घेऊन आले.

आणखी दोन कोकरं गेली. मग मरणं थांबलं. पाजलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांत अंडी उरली तीस.

त्यानंतर काकू उरलेल्या अकरा कळपांकडे गेल्या. दवाखाना सुटला की रोज एक. प्रत्येक दारात पहिलं वाक्य एकच: मी सांगितलं होतं ते चूक होतं. कुणी चहा दिला, कुणी पाठ फिरवली. शेवटचा कळप सगळ्यात मोठा, मिशाळ मामांचा. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकदा चुकलात. आता तुमचं का ऐकायचं?"

"ऐकू नका," काकू म्हणाल्या. "लेंड्या आणून द्या. मोजताना शेजारी बसा."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मामा पायरीवर बसलेले होते. मांडीवर पिशवी. काकूंनी कुलूप काढलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरची स्वतःची खुर्ची त्यांना दिली.