फसवी पत्ती

मी चौथी पास. हाताचं काम शिकायला शाळा लागत नाही, असं मी तेव्हा मानायचो, आजही मानतो.

पंजाबातली ती गोळीबाराची वर्षं. आम्ही डेराबस्सीला कारखान्याच्या खोलीत राहायचो आणि बायको चंदीगडच्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून नवीनच लागली होती. दर दोन दिवसांनी बंद, बसचा भरवसा नाही. आणखी एक खाडा झाला की नाव कटणार होतं. म्हणून मी भंगारातली जुनी जीप घेतली.

तिचे टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे, खडखडायचे. मोटार मार्केटातले सरदारजी मिस्त्री चार दिवसांत गावी निघणार होते. म्हणाले, तूच शीक. इंजिन थंड असताना झाकण काढायचं, टॅपेट आणि व्हॉल्व्हमध्ये पोलादाची पातळ पत्ती घालायची, तेवढीच फट ठेवून नट आवळायचा. शेवटी म्हणाले, "पत्ती फसवीं चल्ले, बस." मी मान हलवली. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

पत्ती फसवी असते, तिच्यावर विसंबायचं नाही, असा मी आपल्या मराठीतला अर्थ लावला. रविवारी आठही टॅपेट पत्तीने बसवले आणि पत्ती काढून प्रत्येक जरा जरा आणखी आवळला. जीप अगदी गप्प. बायकोला बोलावून मुद्दाम ऐकवलं.

सोमवारी झिरकपूरच्या पोलीस नाक्यावर वेग कमी केला आणि बॉनेटखाली फाडकन बार उडाला. गोळी सुटली समजून एक शिपाई जमिनीवर आडवा झाला, दुसऱ्याची बंदूक माझ्या खिडकीत. मी हात वर केले. बायकोने डबा छातीशी आवळला होता. बॉनेट उघडून, सगळी जीप तपासून त्यांनी सोडलं. ती वेळेवर पोचली, पण उतरताना म्हणाली, "उद्या मी यात बसणार नाही. नाव कटलं तर कटलं."

तसाच मिस्त्रींकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला काही विचारलं: फसवी म्हणजे काय? मी लावलेला अर्थ ऐकून ते हसता हसता खाली बसले.

"ओ बाऊजी, फसवीं मतलब फँस के, घिसट के. धोखेबाज नहीं. थोड़ी टिक-टिक रहने दे. चुप टैपट वाल्व जला देगी."

माझ्या आवळण्याने व्हॉल्व्ह पुरते मिटत नव्हते, आतली आग उलटी बाहेर येत होती.

मंगळवारी पहाटे, इंजिन गार असताना, आठही पुन्हा केले. चिमटीत धरलेला कागद ओढावा तशी पत्ती आली की थांबलो. त्या दिवशी पुन्हा बंद होता. बायको डबा घेऊन दारात उभी राहिली.

"वाजतंय की अजून."

"वाजू दे. तसंच पाहिजे. मी विचारून आलोय."

"विचारून? तुम्ही?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि चढून बसली. नाक्यावर कालचाच शिपाई होता. आम्हाला बघून तो वाळूच्या पोत्यांमागे सरकला. मी वेग कमी केला. टिक-टिक, टिक-टिक. त्याने तिथूनच हाताने जा म्हटलं, आणि बायकोने छातीशी धरलेला डबा मांडीवर ठेवला.