अकोल्याच्या गाडीतली वेणी

अमरावतीहून रोज अकोल्याला नोकरीला जाणारी बाई घरूनच नीट वेणी घालून निघत असेल, तर तिच्या घरी पोळ्या लाटायला दुसरं कोणीतरी आहे हे समजून जावं. आमच्या गाडीतल्या एकीच्याही घरी असं कोणी नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळ्या केस मोकळे सोडून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कंगवा घेऊन सकाळी राजापेठेच्या कोपऱ्यावर उभ्या असायचो. एकदा फिरायला निघालेल्या एका आजोबांनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि ते सरळ मागे वळले. "गेले बिचारे रामराम म्हनत," बँकेतल्या ताई म्हणाल्या, आणि गाडी येईपर्यंत आम्ही हसत होतो.

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. काका ती चालवायचे, सकाळी न्यायचे, संध्याकाळी आणायचे. पुढे त्यांच्या शेजारी बँकेतल्या ताई, कारण मागे बसलं की त्यांना मळमळायचं. मधल्या सीटवर शाळेच्या बाई आणि कोर्टातली टायपिस्ट. सगळ्यात मागे नर्सताई आणि मी. नियम एकच होता: मागचीनं पुढचीचे केस बांधायचे. मूर्तिजापूरला चहा व्हायचा, चहानंतर मधल्या दोघी मागे जायच्या, आम्ही दोघी मधे यायचो, आणि मग आमच्या डोक्यांची पाळी. बोरगाव मंजू आलं की सगळी डोकी तयार पाहिजेत. हे कोणी सुरू केलं ते आता आठवत नाही. नर्सताई म्हणतात त्यांनी, पण त्या सगळ्याच गोष्टींबद्दल तसं म्हणतात.

बँकेतल्या ताईंचा बॉयकट होता. बांधायला केस नाहीत, म्हणून त्यांच्याकडे सल्लेच सल्ले. मान मागे वळवून त्या सुरू व्हायच्या, "अवं, खालून घे न, खालून! डाव्या बाजूनं फुगा आला पाह्य." मळमळ वगैरे सगळं त्या वेळी विसरलेलं असायचं.

चालत्या गाडीत काय जमतं आणि काय नाही, हे आम्हाला पक्कं माहीत झालं होतं. शाळेच्या बाईंना साधी तीन पेडांची वेणीच लागायची, पोरी लगेच बोलतात म्हणून. ती घालून झाली की मी दुमडून मानेपाशी बांधून टाकायची. अकोल्याच्या उन्हात मान मोकळी असणं यापरतं सुख नाही. टायपिस्टला उलटी पोनी आवडायची. सैल रबर लावायचं, रबराच्या वर केसांत बोटांनी फट पाडायची आणि पोनीचं शेपूट वरून त्या फटीतून आत ओढून घ्यायचं. काम एका मिनिटाचं, पण पाहणारीला वाटतं बाईनं तासभर घातला. नर्सताईंचा आंबाडा जाळीत जायचा. माझे केस पातळ. माझ्यासाठी दोन्ही कानांवरच्या बटा पिळून मागे एका क्लचरमध्ये धरायच्या असा उपाय निघाला. त्यानं दुरून केस दाट दिसतात. जवळून पाहणारा फक्त नवरा, आणि त्याला मी पूर्ण टक्कल करून आले तरी आठवडाभर कळणार नाही.

अपघातही व्हायचे. एका गतिरोधकावर टायपिस्टचा कंगवा नर्सताईंच्या कानात गेला, तेव्हापासून टोकाचा कंगवा बंद झाला. पिना दातांत धरायच्या असल्यामुळे बोलणं नुसतं "हं", "हंहं" असं व्हायचं, आणि तरी त्यात कोणाच्या सासूचं काय चाललंय ते सगळं कळायचं. गाडीत आरसा एकच, काकांचा, मागची वाहनं पाहायचा. टायपिस्ट पुढे वाकून तो हळूच आपल्याकडे फिरवायची.

"ताई, मले ट्रक पाहू द्या न!" काका ओरडायचे. "तुमची पोनी पाहून गाडी चालवू काय?"

"तुमाले काय समजते काका," बँकेतल्या ताई म्हणायच्या. "तुमच्या डोक्यावर त सारं मैदानच आहे."

काका टकलावरून हात फिरवत स्वतःच हसायचे. घरी मी एवढी हसत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. जन्मात सुखी कधी होतीस असं मला कोणी विचारलं, तर मी लग्नाचं, पोराच्या जन्माचं वगैरे सांगेन, पण मनात बडनेऱ्याच्या पुढचा तो रस्ता येईल.

आता मुख्य गोष्ट. नमनालाच घडाभर तेल झालं, पण विषयच केसांचा आहे. मी अकोल्यात एका निमसरकारी संस्थेत कंत्राटावर होते. दरवर्षी नव्या ऑर्डरसाठी साहेबांच्या दारात उभं राहायचं, आणि यंदा मिळेल की नाही म्हणून घरी डाळ करपवायची. मग त्याच कामासाठी, मी बसत होते त्याच टेबलासाठी, एक कायम जागा निघाली. एकच. आणि वयाची मर्यादा माझी त्याच वर्षी संपत होती. म्हणजे ही गेली तर पुन्हा अर्जसुद्धा करता येणार नव्हता. मला ती जागा हवी होती. देवाला नारळ बोलून झाला होता, रात्री उशाशी सामान्यज्ञानाचं पुस्तक होतं, आणि पोराला जेवू घालताना मी त्याला विदर्भातल्या नद्या सांगत होते.

मुलाखतीच्या दिवशी गाडी सुरू झाली तीच भांडत. शाळेच्या बाई म्हणाल्या, साधी वेणी, साधेपणा दिसला पाहिजे. नर्सताई म्हणाल्या, "कायची वेणी? आंबाडा घाला. आंबाड्यानं बाई वजनदार दिसते." टायपिस्टला सागरवेणीच पाहिजे होती. बँकेतल्या ताई पुढून म्हणाल्या, "मधून भांग पाडा. साहेबलोक भांग पाहतात." साहेबलोक भांग का पाहतील हे त्यांना कोणी विचारलं नाही. मला मधल्या सीटवर मधोमध बसवलं. त्या दिवशी चहा रद्द, जागाबदल रद्द, आणि सगळ्यांचे हात माझ्या एका डोक्यावर. मी डोळे मिटून नद्या म्हणत होते.

बोरगाव आलं तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यात पाहिलं. डावीकडे अर्धा आंबाडा. उजवीकडे डोक्याला चिकटून गेलेली सागरवेणी. मागे एक वेणी, जिचा या दोघांशी काही संबंध नव्हता. आणि मधे पाणी लावून पाडलेला भांग, ज्यातून थेंब नाकावर येत होता. प्रत्येकीनं आपलं खरं केलं होतं. काकांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळून नीट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तिथं लोकं नोकरी द्याले बसले, भूत उतरवाले नाही."

आम्ही इतक्या हसलो की नर्सताईंना उचकी लागली. मी सगळं उपटून काढलं आणि अकोल्यात ऑफिसपाशी गाडीतून उतरून चालता चालता स्वतःच एक साधी वेणी घातली. मागून चौघी ओरडत होत्या, "बोलताना हात हलवजो नको!" मला वाटलं, एवढं हसून निघालेल्या बाईला आज कोण नाही म्हणणार?

वऱ्हांड्यात मात्र हसू गळून पडलं. बाकांवर, जिन्यात, खिडकीत, सगळीकडे उमेदवार. मी रोज ज्या वऱ्हांड्यातून डबा घेऊन जायची तिथे आज बसायला जागा नव्हती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकले. तेवढ्यात एक मुलगी माझ्या पुढ्यात येऊन थांबली. माझ्याहून बरीच लहान, हातात फाईल, दुसऱ्या हातात उडून सुटलेला स्कार्फ, आणि केस! बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून नवऱ्याच्या मोटरसायकलवर मूर्तिजापूरहून आली होती, हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त दिसत होते ते कमरेपर्यंतचे, गुंता झालेले, धुळीनं भुरकट केस. डोळे भरलेले. ती जिन्यावर उभी राहून खाली पाहत होती. खाली कुठे आरसा दिसतो का ते शोधतेय, असं मला वाटलं.

"बस खाली," मी म्हटलं.

ती बसली. पुढ्यात डोकं आलं, माझ्या हातात कंगवा आला. एवढंच झालं. विचार वगैरे मी केला नाही. टोकाकडून गुंता सोडवत वर आले, सैल रबर, वर फट, शेपूट आत, उरलेले लांब केस पिळून त्याच रबराभोवती गुंडाळले, स्वतःच्या वेणीतल्या दोन पिना काढून तिला लावल्या. कपाळावर चुकार बटा होत्या त्या तळहातावर थुंकी लावून बसवल्या, जसं पोराला करते तसं. ती वळली. मानेवर नीट बसलेला आंबाडा, चेहरा एकदम उघडा. सुंदर दिसत होती हो! मला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला. मग शिपायानं नाव पुकारलं, ती उठून आत गेली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की आत जागा एकच आहे.

माझी मुलाखतही वाईट झाली नाही. नद्या कोणी विचारल्या नाहीत.

जागा तिला मिळाली. साहेबांनी बोलावून नीट शब्दांत सांगितलं, कंत्राट चालू राहील असंही सांगितलं. केसानं गळा कापणं म्हणतात, तो मी स्वतःचा स्वतःच कापून घेतला होता. संध्याकाळी गाडीत मी हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. बँकेतल्या ताईंनी मागे हात करून माझा गुडघा धरून ठेवला आणि बडनेऱ्यापर्यंत सोडला नाही.

ती माझ्याच टेबलावर आली, मी शेजारच्यावर गेले. तिला शिकवायचं कामही माझंच. ती हुशार होती, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही, आणि याचा तर मला जास्तच राग यायचा. मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. ती मात्र रोज "ताई, जेवल्या काय?" विचारायची. मी "हो" म्हणून फाईल उघडायची.

पुढे टायपिस्टची मोर्शीला बदली झाली. गाडीत एक जागा रिकामी झाली, आणि काका म्हणाले, मूर्तिजापूरहून एक नवी सवारी आहे. चहा संपवून आम्ही बसलो, दार उघडलं, तर तीच. "अवं ताई, तुमी बी याच गाडीत!" तिला केवढा आनंद झाला. मीच त्या दिवशी जागा बदलायला कंटाळून मागे राहिले होते. रिकामी जागा माझ्या बरोबर पुढची. काकांनी तिला नियम आधीच सांगून ठेवला होता. ती बसली, स्कार्फ सोडला, केस मोकळे केले आणि न वळता कंगवा मागे दिला.

मी तो घेतला. मनात म्हटलं, आज कात्री असती तर बरं झालं असतं.

"ताई," ती पुढे पाहतच म्हणाली, "त्या दिवशी मी वापस चालली होती. असं डोकं घेऊन आत कशी जाऊ म्हनलं. हे खाली गाडी चालू करूनच उभे होते. तुमी 'बस खाली' म्हनलं नसतं न, त मी गेलीच होती."

शाळेच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. काकांनी गाडी उगाचच हळू केली. मी तिचे केस तीन भागांत केले आणि पहिला पेड ओढला. जोरात ओढला.

"आई वं!"

"दुखलं?"

"हाव."

"दुखू दे थोडं," मी म्हटलं. "मलेबी लय दुखलं."

"हाव ताई," ती म्हणाली, आणि मान सरळ ठेवून बसली.