आमची गल्ली ‘इतर’मध्ये

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तेवढ्यावर मी पंधरा-सोळा वर्षं शाळेत खिचडी शिजवली, आणि तेवढ्यावरच माझ्या थोरल्या बहिणीला घरी बोलावून मारलं. मारलं म्हणते, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही. लोक म्हणतात साथ होती, तुझा काय दोष. माझा दोष एवढाच, की लिहिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवला.

तो विश्वास ठेवायची सवय मला शाळेनं लावली होती. शाळेच्या दाराशी एक काळा फळा असायचा. सकाळी बाई त्यावर खडूनं लिहायच्या: पट इतके, हजर इतके. हजरचा आकडा बघून मी तांदूळ धुवायला घ्यायचे. एकदा एक नवीन बाई दुसरीचा वर्ग मोजायलाच विसरल्या. शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या ताटात पातेल्याची खरवड आली. मी झारा हातात घेऊन बाईंना सगळ्यांदेखत विचारलं, “यांना घरी पाठवू, का तुमचा डबा वाटू?” त्या रडल्या. मला वाईट वाटलं नाही. आकडा चुकला की कुणाचं तरी ताट रिकामं राहतं, हे त्यांना कळायला पाहिजे होतं.

साथीच्या पहिल्या वर्षी शाळा बंद झाली आणि फळ्याच्या जागी यादी आली. रोज संध्याकाळी सुनेच्या मोबाइलवर यायची. आज सापडलेले रुग्ण, मग वस्त्यांची नावं, प्रत्येक नावापुढं कंसात आकडा. मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि गल्लीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून ऐकायच्या. समोरची एक रोज चिडवायची, “काय आजी, लागली का आज आपली लॉटरी?”

“तू तोंड मिटून राहिलीस तर नाय लागणार,” मी म्हणायचे.

यादीत आमची गल्ली कधी आली नाही. सगळ्यात शेवटी ‘इतर’ असं लिहिलेलं असायचं आणि त्याच्यापुढंही आकडा असायचा. तो मी वाचायचेसुद्धा नाही. मला वाटायचं इतर म्हणजे बाहेरगावचे, ज्यांच्या पत्त्याचा पत्ता नाही असे कुणीतरी. आम्हाला तर पत्ता होता. पोस्टमन येत होता, लाइटचं बिल येत होतं, मतं मागायला तर घर न चुकता माणसं येत होती.

माझी अक्का करमाडला राहायची. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात अडकलेला. आमच्या आईबापाला एकीलाच शाळेत घालणं जमणार होतं. अक्का मोठी, म्हणून ती खुरपायला गेली आणि मी शाळेत गेले. तिला सही येत नव्हती. सगळे कागद ती माझ्याकडून वाचून घ्यायची, अगदी गोळ्यांच्या पाकिटावरचं नावसुद्धा. तिला साखरेचा आजार होता आणि त्या दिवसांत गावात तिच्या गोळ्या मिळेनात. इथं मिळत होत्या, म्हणून मी तिला बोलावलं. रस्ते जरा मोकळे झाले तसा तिचा फोन आला.

“तुझ्या गल्लीत हाय का गं ते?”

“नाय. मी रोज यादी बघते.”

“नीट बघ बरं. मला तर अक्षर बी कळत नाय.”

“अगं, उस्मानपुऱ्यात हाय, स्टेशनाकडं हाय. आपल्याकडं एक बी नाय.”

“तू वाचलंस ना सोता? मंग झालं. येते.”

भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून ती आली. मांडीवर ज्वारीचं गाठोडं आणि मेथीच्या जुड्या. त्याच संध्याकाळी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “वाच माझ्या मास्तरणी, ऐकू दे.” मी वाचलं. आमची गल्ली नव्हती. शेजारच्या भिंतीपलीकडं कुणीतरी खोकत होतं. त्या घरचे दमा म्हणायचे.

आठवड्याभरानं अक्काला ताप भरला. तपासणीला मी आणि सून तिला घेऊन गेलो. फॉर्मवर पत्ता सुनेनं लिहिला, आमच्याच घराचा. दुसऱ्या दिवशी फोन आला की आजार आहे, आणि अक्काला गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडीत चढताना ती मला म्हणाली, “तू तर म्हणलीस नाय म्हणून.” तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच कोडं पडलं होतं. तिचं माझ्याशी तेच शेवटचं बोलणं.

त्या संध्याकाळी मी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचली. आमची गल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशीची वाचली, त्यातही नव्हती. अक्काला माझ्या दारातून उचलून नेलं होतं, सगळ्या गल्लीनं बघितलं होतं, आणि यादीत आमच्याकडं कुणी आजारी नव्हतं. मी सुनेला म्हटलं, “मंग अक्का कुठं हाय?” ती म्हणाली, “आत्या, दवाखान्यात.” मी म्हटलं, “ते मला बी कळतंय. यादीत कुठं हाय?”

पाचव्या दिवशी अक्का गेली. फोनवर कळवलं. चेहरा दाखवला नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे झालं त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

घरोघर ताप विचारत फिरणारी आशाताई आमच्या दारात आली तेव्हा मी तिला धरूनच बसवलं. मोबाइल पुढं केला आणि म्हटलं, दाखव आमची गल्ली. ती बिचारी म्हणाली, “आजी, तुमची गल्ली इतरमध्ये जाते.”

आमच्या गल्लीला तीन नावं आहेत. रेशन कार्डावर एक आहे, लोकांच्या तोंडात जुन्या विहिरीवरून पडलेलं दुसरं, आणि निवडणुकीच्या आधी पुढाऱ्यांनी कमान उभारून दिलेलं तिसरं. ज्याला जे आठवेल ते तो फॉर्मवर लिहितो. आशाताई म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये वस्त्यांची नावं आधीच भरलेली असतात. तुमच्या तिन्हींतलं एकही त्यात नाही. मग भरणारा ‘इतर’वर बोट दाबतो आणि पुढं जातो.

“म्हणजे अक्का यायच्या आधी गल्लीत होतं?”

“होतं ना आजी. तीन घरांत. दोन घरची माणसं आपापल्या मोटरसायकलीवर जाऊन भरती झाली होती. तुम्हाला गावी गेलेत म्हणून सांगितलं असेल.”

सांगितलं होतं. भिंतीपलीकडचा दमा हे तिसरं घर होतं. ज्याच्या दाराला पालिका पत्रे ठोकायची त्याच्याकडं लोक पुढं पाणी प्यायलाही तयार नसायचे, म्हणून शेजाऱ्यांनी लपवलं. त्यांचा राग मला कमी आला. शेजारी घाबरून खोटं बोलतो. पण सरकारनं खोटं बोलायचं कारण काय? आणि तेही रोज संध्याकाळी, कंसात आकडा घालून?

यादी जिथून निघते त्या पालिकेच्या ऑफिसात मी गेले. तोंडाला पदर, त्याच्यावर मास्क. खिडकीतला साहेब तरुण होता आणि बोलायला वाईट नव्हता, म्हणून माझा राग आणखी वाढला.

“मावशी, आकडा बरोबर आहे. एकूणमध्ये तुमची माणसं धरलेली आहेत.”

“एकूणमध्ये कोण राहतं साहेब? मी गल्लीत राहते.”

“गल्लीगल्लीचं सगळं सांगितलं तर घबराट पसरते.”

“मोठमोठ्या कॉलन्यांची नावं रोज छापता. ते नाय घाबरत?”

“त्यांची नावं सिस्टीममध्ये आहेत.”

“मंग आमचं घाला.”

“तीन नावांपैकी कुठलं घालू?” तो हसला. मागं उभा असलेला एक जणही हसला.

मी म्हटलं, “कुठलं बी घाला. मत मागायला येताना कुठलं वापरता, तेच घाला.” मागचा आणखी मोठ्यानं हसला. खिडकीतला म्हणाला, रुग्णांची नावं गुप्त ठेवावी लागतात. मी म्हटलं, नावं मागतंय कोण? कुणाच्या घरात कोण खोकतो ते मला नको. गल्लीत किती घरं आजारी आहेत तेवढं सांगा, म्हणजे पाहुणी बोलवायची का नाही ते मला ठरवता येईल. आणि अक्का आली त्या दिवशी आमच्या गल्लीत आजारी माणसं एकूण किती होती, तो आकडा मला कागदावर द्या.

“लेखी अर्ज करा.”

तिथंच पायरीवर बसून मी अर्ज लिहिला. माझं अक्षर मोठं आहे, पान पुरलं नाही, पाठीमागंही लिहिलं. शिक्का मारून पोच घेतली.

उत्तर आलं नाही. थोड्या दिवसांनी यादीतून वस्त्यांची नावंच गेली. नुसतं शहर इतके आणि ग्रामीण इतके. म्हणजे आधी आम्ही ‘इतर’ होतो, आता सगळं गावच इतर झालं. सून म्हणाली, “आत्या, तुमच्या अर्जामुळं झालं वाटतं.” चेष्टा होती, पण मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी साथ पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट. मी शाळेच्या मोठ्या बाईंकडं गेले आणि दाराशी असलेला फळा मागितला. शाळा बंदच होती. बाई म्हणाल्या, “न्या, पण परत आणा.” मी आणि सुनेनं तो उचलून आणला आणि गल्लीच्या तोंडाशी कमानीखाली टेकवून ठेवला. सकाळी मी प्रत्येक दारापुढं लांब उभी राहून विचारायचे, “घरात ताप, खोकला, रिपोर्ट? नाव लिहीत नाय, घर बी लिहीत नाय.” अर्ध्या दारांनी शिव्या दिल्या. अर्ध्यांनी सांगितलं. न सांगणाऱ्यांपैकी काहींचं त्यांच्या शेजारणींनी सांगितलं. मग मी फळ्यावर लिहायचे: आमची गल्ली. पट अमुक घरं. आजारी अमुक घरं. खाली लिहायचे: न सांगणारी घरं अमुक. ‘इतर’ लिहायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी फळा पुसलेला सापडला. वाळूजच्या कंपनीत जाणारा एक जण, भिंतीपलीकडच्या त्याच घरातला, हात खडूनं पांढरे करून तिथंच उभा होता.

“आजी, तुमाला लई अक्कल आली का? कंपनीची बस कमानीजवळ थांबायची बंद झालीय. ड्रायव्हर फळा वाचायलाय. आमाला पुढच्या चौकापर्यंत चालत जावं लागतंय.”

“चाल की. पाय हायत ना?”

“उद्या कामावरून काढलं तर तुमी घालणार का खायला?”

ते मला लागलं, खोटं बोलत नाही. त्याचं पोट होतं ते. पण मी म्हटलं, “तुज्या घरात गेल्या वर्षी दमा होता. तो दमा माज्या बहिणीनं नेला. आता पुसायचं तर पूस. मी परत लिहिते.”

त्यानं पुसलेलं मी त्याच्यासमोर पुन्हा लिहिलं. नंतर दोनदा आणखी पुसलं गेलं. कुणी पुसलं ते मी विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी माझी कंबर धरली होती, म्हणून सकाळी मी बाहेर पडले नाही. दारात तोच माणूस आला. लांब उभा राहिला.

“आजी, आज फळा काहून लिहिला नाय?”

“तुला काय करायचंय? तुला तर बदनामी वाटती.”

“नाय, सासू यायलीय जालन्याहून. बायकोचं दिवस भरत आलेत. बोलवू का नको?”

मी उठले. सुनेला म्हटलं खडू दे. दारोदार फिरून झालं तेव्हा ऊन चढलं होतं. तो सगळा वेळ कमानीखाली उभा होता. मी लिहिलं: आजारी चार घरं. त्यानं वाचलं, मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच सासूला म्हणाला, “मामी, आत्ता नका येऊ. चार घरं हायत.”

मी खडूचे हात पदराला पुसले आणि घरी आले. त्याला म्हणण्यासारखं खूप होतं.

अर्जाची पोच अजून माझ्याकडं आहे, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्या दिवशी फळ्यावर चार घरं होती, हे त्या सासूला कळलं. अक्का आली त्या दिवशी आमच्या गल्लीत आजारी माणसं एकूण किती होती, ते मला अजून कुणी लिहून दिलेलं नाही.