टेबलावरची टकटक

अल्विन टेरहॉर्स्ट हा जर्मनीतल्या आमच्या रूर नदीकाठच्या खाणगावातला घड्याळजी. दर शनिवारी संध्याकाळी माझ्या गुत्त्यात यायचा, कोपऱ्यातल्या नेहमीच्या मंडळींच्या टेबलावर मुठीनं टकटक करायचा आणि बसायचा. हात मिळवणं नाही, विचारपूस नाही. बाकीच्यांनी उलट टकटक केली, की झाला तो आपला माणूस. अबोल पण सज्जन, असंच मीही समजायचे. कपाळ माझं!

लढाई संपून दहाबारा वर्षं झाली होती. टॉकीजला खुनाचा सिनेमा लागला, हुकूमशहाच्या काळातला. खून वर्दीवाल्यानं केलेला, फासावर भलताच गरीब. तिकिटं विकायला काचेमागे पाउला बसायची. तिचा भाऊ युप कोळसा वाहायचा, डोक्यानं जरा अधू. हुकूमशहाच्याच काळात आमच्या गावात एक मोलकरीण मारली गेली आणि तिच्या दारातून युपला पळताना पाहिलं, अशी साक्ष अल्विननं दिली. सरकारनं युपचं मुंडकं उडवलं.

शनिवारी सिनेमा बघून अल्विन आला तो टकटक न करता उभाच राहिला. टोपी हातात.

"युप नव्हता तो," म्हणाला. "वर्दीतला माणूस होता. मी घाबरलो."

खाटीक डीपेनब्रोकनं टेबलावर टकटक केली. मग सगळ्यांनीच केली.

"बस रे. जुनं काय उकरतोस? तेव्हा सगळ्यांचीच फाटली होती," खाटीक म्हणाला आणि बिअर पुढे सरकवली.

मेल्यांनी माफसुद्धा करून टाकलं! भाऊ कुणाचा आणि माफी देतंय कोण! अल्विनचं तोंड लाजेनं काळंठिक्कर पडलं. बिअरला हात न लावता तो निघून गेला.

रविवारी दुपारच्या खेळाच्या रांगेत तो माझ्याच पुढे होता. खिडकीशी वाकून काहीतरी पुटपुटला. पाउलानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"साक्ष दिलीत तेव्हा असंच पुटपुटला होतात का?" तिनं विचारलं. "वळा तिकडे. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो वळला. रांगेत अर्धं गाव. मग बोलला, युपचं पूर्ण नाव घेऊन बोलला. खाटीक हळूच रांगेतून सटकला. आम्ही बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो.

"पुढचे," पाउला म्हणाली.

पुढची मी होते. तिच्याकडे बघून तिकीट मागायचं माझ्याच्यानं झालं नाही.