काडीला तेल नव्हतं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता तीही नाही.

नेवाशात एका लॅबमध्ये मी म्हातारा होईपर्यंत काम केलं. लहान मुलांच्या नाकातला स्वॅब मीच घ्यायचो. ती कापसाची बारीक काडी पार मागपर्यंत न्यावी लागते. आजारी तान्ह्या मुलांच्या नाकात विषाणू भरपूर असतो — काडी नीट गेली तर रॅपिड टेस्ट बहुधा पकडते. नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवली तर पॉझिटिव्हची दुसरी रेघ उमटणार कशी? नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. मीच.

साळूबाई तान्ह्या नातवाला घेऊन आली. पोराची छाती उडत होती, नाक आतून गच्च. मुलगा-सून पोराला घेऊन ऊसतोडीला निघाले होते, टोळीचा टेम्पो बाहेर उभा. टेस्टमध्ये काही निघालं तर डॉक्टर त्यांना थांबवणार होते.

"भाऊ, हळू बरं. नाक हाय ते, बोअर न्हाई," साळूबाई म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. पोरानं किंचाळून मान फिरवली आणि मी — मला जेवायला जायचं होतं — काडी नाकपुडीच्या कडेला टेकवून काढून घेतली. स्वॅब पुन्हा घ्यायला हवा होता ना? नाही घेतला. एकच रेघ आली.

"निगेटिव्ह. जा खुशाल."

पोर तिकडे फडावर धापा टाकू लागलं. तिथल्या दवाखान्यात टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण उशीर झाला होता. पोर गेलं.

मुलगा जाब विचारायला आला, मागे साळूबाई. वस्तीवरच्या सगळ्या बाळांना तीच न्हाऊ घालायची, नाकात तेलाचं बोट फिरवायची — हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "म्हातारीनं तेल घातलं होतं नाकात. तेलानं टेस्ट बिघडते."

"त्या दिशी न्हाई रं घातलं... सर्दी हुती त्याला," ती म्हणाली. मुलगा तिला तिथंच टाकून चालू लागला.

पुढे तिला कुणी बाळ न्हाऊ घालायला बोलावलं नाही. एकदा बाजारात भेटली. "घातलं आसंल बग मीच. ध्यानात ऱ्हात न्हाई आता," म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं होतं — नाही का? मी मान हलवली. होय अशी.

ती वारली, तेच मनात घेऊन.

काडीला तेल नव्हतं. काहीच नव्हतं. ती कोरडी होती, आणि मी ती तशीच तपासली.