सरजावहिनीची झाडी

दुसऱ्याच्या वाडीत डोकावू नये म्हणतात. पण मधलं कुंपणच कमरेएवढं असेल, तर माणसानं काय डोळे मिटून फिरायचं? साकोलीजवळच्या आमच्या गावात मी कुंपणाशी भांडी घासायला बसले की एखादा किस्सा आपसूक जमा व्हायचा. निम्मे तर शेजारच्या सरजावहिनीचेच!

*

आणीबाणी उठली त्या वर्षी विधवा सरजावहिनी आणि तिचा दीर डोमाजी यांच्या वाटण्या झाल्या. तलावाच्या अलीकडची, तिच्या घरामागच्या वाडीला लागूनची झाडी तिला, पलीकडची त्याला. त्यानं महिनाभरात मोह, तेंदू, सगळं साफ करून भाजीची वाडी केली. वर हिलाच शहाणपण!

"वहिनी, तोडून टाक. झाडं खाशील काय?"

"झाडं तुम्ही खाल्ले, भाऊजी. मी कोहळे खाईन!"

*

पुढच्या पावसाळ्यात डोमाजीचे वेल फुलांनी पिवळे झाले. पण बोटाएवढं कोहळं धरलं की गळलंच. त्यानं वेलावर फाटकी चप्पल टांगली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "कोणाची तरी नजर लागली!"

मी म्हटलं, "माही नजर एवढी कडक असती, तं वहिनीचे कोहळे केव्हाच सडले असते. थे तं मी रोज पाहतो!"

*

मग शेतीखात्याचे एक साहेब फवारणीचा पंप घेऊन आले. डोमाजीकडे भर फुलात औषध मारलं. फुलांवर येत होत्या त्या चार मधमाश्याही गेल्या. तिथून वहिनीच्या दारात. "फुकट आहे, बाई."

वहिनीनं पदर खोचला. "पंप बाहीर ठेवा. माह्या माश्या कामावर हायेत!"

"माश्यांसाठी भांडता?"

"मंग काय तुमच्यासाठी भांडू?"

*

मी एकदा विचारलं, "वहिनी, तुह्या माश्या डोमाजीकडे काहून नाई जात?"

"बारीक जीव थे. झाडाच्या ढोलीत, नाई तं झाडाखालच्या मातीत घर करते. घर सोडून लांब जात नाई."

"मी तं गावभर जातो!"

"तू माशी कुठं? भुंगा हायेस!"

आठ दिवस बोलले नाही मी. नवव्या दिवशी तिच्याकडे भांडण झालं, मग राहवेना!

*

झालं असं, की कुठल्या जमिनीत काय पीक आहे ते लिहायला तलाठी आले. डोमाजी पुढे. "वहिनीच्या झाडीत पीक नाई, साहेब. पडीत लिवा." एकदा कागदावर जमीन पडीक लागली की तीही झाडी तोडून आपण कसणार, असं त्यानं गावभर सांगूनच ठेवलं होतं.

तलाठ्यांनी पेन काढलं. "काय पीक, बाई?"

"कोहळे."

"झाडीत? मला तर एक दिसत नाही!"

वहिनीनं त्यांना झाडीच्या कडेला, वाडीतल्या वेलांपाशी नेऊन उभं केलं. सकाळची वेळ. झाडीतून माश्या येत होत्या, फुलात शिरत होत्या, पिवळ्या होऊन परत जात होत्या. वेलाखाली घागरीएवढाले कोहळे.

"लागते वाडीत, पण पिकते या झाडीच्या जिवावर. पडीत कोणाले म्हणता? लिवा!"

तलाठ्यांनी कानाशी गुणगुणणारी माशी हातानं झटकली. मग लिहिलं. मी खांद्यावरून डोकावून वाचलं: कोहळे.

पान उलटून त्यांनी विचारलं, "आता डोमाजीची वाडी. तिथं काय पीक?"

डोमाजीनं तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "तिथं फुलं लिवा, साहेब!"