तिसरीच्या वर्गाचे छत

कतारच्या दोहा शहरातल्या आमच्या भारतीय शाळेचे छत ‘सर्व पालकांनी एकमताने’ दुरुस्त केले, असे परवा पुण्यातल्या एका स्नेहमेळाव्यात माइकवरून सांगण्यात आले. सांगणारे गृहस्थ त्या काळी पालक समितीचे अध्यक्ष होते. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या सभेत मी स्वतः हजर होतो, आणि माझी स्मरणशक्ती सोयीनुसार क्षीण होत नाही.

नव्वदीचे दशक संपत आले होते. आम्ही दोह्याला लागून असलेल्या अल रय्यानला राहत होतो आणि मुलगी तिसरीत होती. तिच्या वर्गाच्या छताचे पापुद्रे सुटून बाकांवर पडत. बांधकाम हा माझा पेशा. वर पाहताच कळले की काँक्रीटमध्ये खारी वाळू गेली आहे आणि आतल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत. कुजलेला भाग फोडून सळ्या बदलणे, एवढाच उपाय होता. समितीला मात्र त्याखाली पांढरे फॉल्स सीलिंग हवे होते. म्हणजे कुजणे चालूच राहणार, फक्त दिसणार नाही. खर्च पालकांनी फीबरोबर सोसायचा असल्याने दोहोंपैकी कोणते काम करायचे, हे पालकांच्या मतांवर सोडले होते.

शुक्रवारी सकाळी सभा भरली. काही जण आजही मला सांगतात, ‘तुमच्या भाषणाने सभा जिंकली.’ हेही खोटे. भाषण उत्तमच होते. पण हात मोजले तेव्हा फॉल्स सीलिंग जिंकले होते.

मोजणी कशी झाली, ते कोणी सांगत नाही. दुखानच्या तेलक्षेत्रावरचे बाप पाळीवर होते. त्यांच्याऐवजी आलेल्या बायकांनी छत फोडण्याच्या बाजूने हात वर केले, ते अध्यक्षांनी मोजलेच नाहीत. एका कुटुंबाला एक मत, आणि तेही ज्याच्या व्हिसावर कुटुंब आहे त्याचे, असा नियम त्यांनी काढला.

कोल्हापूरकडच्या एक वहिनी उठल्या. “का हो भावजी, शाळा सुटल्यावर पोरांना न्यायला गेटावर कोण उभं असतंय? व्हिसा?”

“वहिनी, नियम म्हणजे नियम. ज्याचा व्हिसा, त्याचं मत.”

तेवढ्यात वसईच्या एक नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, “मग अध्यक्षसाहेब, आमच्या ह्यांचा हात कसा मोजलात? हे माझ्या व्हिसावर आहेत.”

शेजारी बसलेल्या नवऱ्याने फॉल्स सीलिंगसाठी हात वर केला होता. अध्यक्षांनी त्याला विचारले, “खरं का हो?”

“मुलंसुद्धा तिच्याच व्हिसावर आहेत,” तो पंख्याकडे बघत म्हणाला.

“खलास!” मागून कोणी तरी ओरडले आणि सभागृह हसत सुटले. अध्यक्ष म्हणाले, “अशा वेळी आपण नवऱ्याचंच धरू.” त्यावर जो गदारोळ झाला, त्यात त्यांचा नियम वाहून गेला. शेवटी ज्या कुटुंबातून जो कोणी आला असेल त्याचा हात मोजायचे ठरले. फेरमोजणीत छत फोडण्याचा ठराव जेमतेम, काठावर मंजूर झाला. आज ‘एकमत’ म्हणणाऱ्यांचे हात तेव्हा मांडीवर होते. मी व्यासपीठाजवळ उभा राहून ते पाहिले आहेत. बायकांना मतदानाचा हक्क आपल्या पुरोगामी अध्यक्षांनी दिला, असेही हल्ली छापून येते. दिला म्हणे! त्यांच्या मुठीतून तो ओढून घ्यावा लागला.

सुट्टीत काम सुरू झाले. कामगाराने हातोडीचा पहिला घाव घातला आणि खिडकीकडच्या दोन रांगांवरचे काँक्रीट एका दमात खाली आले. बाके चेपली. मुलीचे बाक त्यांतच होते. उघड्या पडलेल्या सळीचा तुकडा मी उचलला. बोटांत चुरा झाला.

अध्यक्ष दारातून डोकावले. ढिगाऱ्याकडे पाहून माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, “बघा, आपण वेळेवर निर्णय घेतला.”

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला आणि चेपलेले बाक दोघा कामगारांबरोबर बाहेर नेऊन टाकले.